परमुलखातील पाठ
वर्धेकाठच्या कौंडण्यपुराहून निघालेल्या रुक्मिणीला द्वारकेत हक्काचे घर तरी होते. परंतु १८८३ साली लहानग्या लेकीस, मनोरमेस, घेऊन विलायतेस गेलेल्या पंडिता रमाबाईंना परमुलखात आपले स्थान स्वतःच निर्माण करावे लागले. आज परदेशी इंग्रजीच्या वर्गात साहाय्यक म्हणून रुजू होणाऱ्या आपल्या वऱ्हाडी मुलामुलींनी त्यांची हकिकत अवश्य वाचावी. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात एका तासाला संस्कृत शिकविणारी ही विदुषी दुसऱ्या तासाला इंग्रजी नि गणित शिकण्यास विद्यार्थिनींच्या बाकावर बसे. मानी स्वभावास हे सोपे नसावे. ख्रिस्ती धर्म स्वीकारूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही, की आश्रयदात्यांची धर्ममते निमूटपणे मानली नाहीत. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या, त्या थेट १८८९ साली स्वदेशी परतल्या.