आठवण आणि मत

मनुष्याची स्मृति क्षीण होऊं लागली म्हणजे त्याचें मनुष्यत्वही त्याच प्रमाणांत क्षीण होतें काय? 'होय' असें उघडपणें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आपल्या वागणुकींत तो समज पुष्कळदां डोकावतो. घरांतील वडील माणसास अल्झायमरच्या विकाराची सुरुवात झाल्याचें समजतांच मायेचीं माणसें त्याची परीक्षा घेऊं लागतात. 'मी कोण, सांगा पाहूं', 'आज वार कोणता?' हेतु चांगलाच असतो. पण उत्तर न सुचल्यामुळें त्या वृद्धाच्या मुद्रेवर जी लाज उमटते, तिची भरपाई त्या हेतूनें होत नाहीं.

असे प्रश्न वैद्यानें विचारावेत. १९०१ सालीं फ्रँकफुर्ट येथें डॉ. अलॉईस अल्झायमर यांनीं ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीस तिचें व तिच्या पतीचें नांव विचारलें आणि तिचीं उत्तरें टिपून ठेविलीं. तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून १९०६ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष मांडले. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं या रोगास त्यांचें नांव दिलें. तेथें प्रश्न हें निदानाचें साधन होतें. निदान झाल्यावर घरांत रोज तेच विचारणें म्हणजे जखम पाहण्यासाठीं वारंवार पट्टी सोडण्यासारखें आहे.

मग कांहींच विचारूं नये काय? तेंही योग्य नव्हे. इंग्लंडांत एमी स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मृतिभ्रंश झालेल्या २०१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून दोनदां, ४५ मिनिटांची, अशा १४ बैठकींत लहान गटानें बालपण, अन्न, पैसा, चालू घडामोडी यांविषयीं गप्पा व खेळ करावयाचे, एवढाच हा उपचार. त्यांत भाग घेणाऱ्यांची विचारशक्ति व जीवनांतील समाधान हीं इतरांच्या तुलनेनें सुधारलेलीं दिसलीं. रोग यानें थांबत नाहीं. लाभ माफकच आहे. तरीही २०१८ सालीं तेथील 'नाईस' या संस्थेनें सौम्य व मध्यम अवस्थेंतील रुग्णांसाठीं अशा सामुदायिक चालनेची शिफारस केली. उलट, केवळ स्मरणादि शक्तींची घोकंपट्टी अल्झायमरच्या अशा रुग्णांस देऊं नये, असें सांगितलें.

या बैठकींचें एक तत्त्व आम्हांस फार मोलाचें वाटतें: माहिती विचारूं नका, मत विचारा. 'काल लाडू कोणीं आणले?' या प्रश्नाचें उत्तर चुकूं शकतें. 'लाडू रव्याचा बरा कीं बेसनाचा?' याचें उत्तर चुकणें शक्यच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, जें मत सायंकाळपर्यंत तो स्वतःच विसरणार, तें विचारणें हें नाटक नव्हे काय? विचारून त्याकडे दुर्लक्ष केलें तर तें नाटकच, किंबहुना फसवणूक. म्हणून मत विचारणारानें तें पाळण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे. रव्याचा म्हटलें तर रव्याचाच करावा. त्याला आठवणार नाहीं; पण आपणांस आठवतें. हेंच लाडवांपुरतें न ठेवतां, पुढें कोठें राहावयाचें, औषधोपचार किती करावयाचे, पैशाची व्यवस्था कोणाकडे द्यावयाची, हेंही त्याची समज शाबूत आहे तोंपर्यंत त्यालाच विचारावें.

आणि एखाद्या दिवशीं गप्पांस बोलावल्यावर 'आज नको, मला स्वस्थ बसूं द्या' असें तो म्हणाला, तर तेंही मतच आहे, हें विसरूं नये.