मयताची वर्गणी आणि मताचा हक्क

पेनसिल्व्हेनियातल्या हेझल्टन या कोळशाच्या गावात १८८६ साली १३ हंगेरियन खाणकामगारांनी एक मदतसंस्था काढली आणि तिला व्हेर्होवाई हे नाव दिलं. ग्युला व्हेर्होवाई हा हंगेरीच्या संसदेतला विरोधी बाजूचा खासदार आणि पत्रकार. भाषणं जहाल, ज्यूद्वेष उघड. मयतनिधीला असल्या माणसाचं नाव द्यावंसं का वाटलं असेल, हा प्रश्न आज पडतोच. पण मायदेशाच्या राजकारणात या खाणकामगारांच्या वाट्याला घोषणांपलीकडे काही येतच नव्हतं. पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीत जेमतेम सहा टक्के लोकांना मताधिकार होता, आणि खेड्यात तो बजावायचा म्हणजे चारचौघांदेखत उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं. जमीनदाराचा माणूस समोर असताना कोण काय सांगणार?

तेव्हा यांतल्या अनेकांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं ते परमुलखात, लॉजच्या म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेच्या बैठकीत.

घरादारापासून दूर आलेले हे पुरुष एकेका घरात दाटीवाटीनं राहत. एक पाळी उठली की त्याच बिछान्यावर दुसरी. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाईच्या खोलीसारखंच. १९ डिसेंबर १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातल्याच डार खाणीत स्फोट होऊन २३९ माणसं गेली, त्यांत हंगेरियन पुष्कळ. पेनसिल्व्हेनियात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९१५ साली. तोवर शवपेटीचा खर्च आणि विधवेच्या हातावर चार पैसे, एवढ्यासाठी आधार होता तो लॉजचाच.

म्हणून तिथल्या पदांना वजन होतं. अध्यक्षापेक्षा चिटणीस आणि खजिनदार कोण, याकडे लोकांचं लक्ष. आजाऱ्याकडे जाऊन तो खरोखर अंथरुणाला खिळलाय की दारूच्या गुत्त्यावर बसलाय, हे पाहून येणारा सभासदही नेमलेला असे. हे काम सर्वांत अप्रिय असणार. शेजाऱ्याचा भत्ता रोखायचा आणि सोमवारी त्याच्याच बरोबरीनं खाणीत उतरायचं.

शाखांनी निवडलेले प्रतिनिधी अधिवेशनाला जमत. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची अधिवेशनं पाहिलेल्यांनी इथं नाट्यप्रयोग आणि जेवणावळी डोळ्यांसमोर आणू नयेत. इथला खरा विषय दर. अशा संस्थांची सुरुवातीची रीत सोपी होती: कुणी गेलं की प्रत्येकानं सारखी वर्गणी काढायची. संस्था तरुण असेपर्यंत हे चाललं. सभासदांची वयं वाढली, मयतं वाढली, वर्गण्याही वाढल्या. मग विशीतला पोरगा विचारणारच, पन्नाशीतल्या माणसाइतकेच पैसे मी का भरू? तो बाहेर पडला की उरलेल्यांवरचा भार आणखी वाढे.

उपाय गणितज्ञांना ठाऊक होता: वयानुसार दर आणि गंगाजळी. अडचण मतदानाची होती. वीस वर्षं इमानानं पैसे भरलेल्या म्हाताऱ्यावर दरवाढ लादायची, तीही त्याच्याच मतानं. अधिवेशनाला येणारे साहजिकच जुनेजाणते. जो तरुण अजून सभासदच झालेला नाही, त्याच्या वतीनं बोलणारं सभागृहात कुणी नाही. अमेरिकेतल्या कित्येक बंधुत्वसंस्थांनी हा निर्णय वर्षानुवर्षं टाळला आणि काही त्यातच बुडाल्या. १९१०नंतर राज्यांनी कायदे करून पुरेसे दर सक्तीचे करत नेले, तेव्हा कुठे नाइलाजानं हात वर झाले. लोकशाहीचं गुणगान करताना हा भाग सहसा गाळला जातो. मला मात्र त्या म्हाताऱ्यांचा राग येत नाही. ठरलेली गोष्ट मोडली जातेय, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

त्याच कायद्यांनी आणखी एक अट घातली आणि ती मला जास्त मोलाची वाटते. शाखा हव्यात, निवडून आलेलं प्रातिनिधिक मंडळ हवं आणि मुखत्यारपत्रावर मतदान चालणार नाही. बड्या विमा कंपन्यांत संचालक पॉलिसीधारकांची मुखत्यारपत्रं गोळा करून खुर्च्या सांभाळत. इथं मत द्यायला माणूसच यावा लागे. अर्थात, येऊनही लोक त्याच त्या पदाधिकाऱ्यांना पुन्हा निवडू शकत होतेच.

१९५५ साली व्हेर्होवाई आणि ब्रिजपोर्टची राकोत्सी या संस्था एकत्र आल्या. नव्या संस्थेला दोन्ही हंगेरियन नावं सोडून पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याचं नाव मिळालं. एव्हाना दरवाढीवर मत देणाऱ्यांत अमेरिकेतच जन्मलेले पुष्कळ होते.