त्या दोन खुर्च्यांवर कोण बसतं?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं ७४वं कलम लहानसं आहे. एका जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून जे पुनर्विलोकन मंडळ नेमायचं, त्याची रचना त्यात दिली आहे. अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचा न्यायिक अधिकारी. जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी. एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर. त्यानंतर उरतात दोन जागा. या मंडळाच्या हातात बरंच काही आहे. आपल्याला मनाविरुद्ध भरती केलं असं म्हणणाऱ्याची तक्रार ते ऐकतं, निर्णय घेताना त्याला आधार द्यायला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतं, रुग्णालयातल्या सेवेबद्दलच्या तक्रारींचा निवाडा करतं.

त्या दोन जागांवर स्वतः आजार भोगलेली माणसं बसू शकतात. त्यांना सांभाळणारेही बसू शकतात, या दोघांच्या संघटनांचे प्रतिनिधी बसू शकतात, आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणत्याही स्वयंसेवी संस्थेतलं कोणीही बसू शकतं. म्हणजे दोन्ही खुर्च्या संस्थाचालकांना दिल्या तरी मंडळ कायदेशीर ठरतं. एखाद्याला रुग्णालयात ठेवायचं की घरी जाऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या सहाजणांमध्ये, असा निर्णय स्वतःच्या अंगावर झेललेलं एकही माणूस नसलं तरी चालतं. याच कायद्याच्या ४६व्या कलमात राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणासाठी मात्र आजार असलेल्यांच्या दोन जागा वेगळ्या, सांभाळणाऱ्यांच्या दोन वेगळ्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या दोन वेगळ्या ठेवल्या आहेत. जागा वेगळ्या कशा ठेवायच्या हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. जिल्ह्यात, जिथे खऱ्या माणसाचा खरा खटला समोर येतो, तिथे त्यांनी ते केलं नाही. मला ही या कायद्यातली गंभीर उणीव वाटते.

पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत आजार असलेल्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुढे मीही तेच शब्द वापरणार आहे.

सेवा कशी असावी हे शुभार्थीला विचारायचं, ते केवळ त्याला बरं वाटावं म्हणून नाही. त्याच्याजवळ जी माहिती असते ती दुसऱ्या कोणाजवळ नसते. केसपेपरवर ‘औषधं नियमित घेत नाही’ एवढंच लिहिलं जातं. का घेत नाही, हे त्यालाच ठाऊक असतं. गोळीने दिवसभर झापड राहते आणि कामावर यंत्रासमोर उभं राहायचं असतं. हात थरथरतात म्हणून चारचौघांत चहाचा कप उचलायची लाज वाटते. तोंडातून लाळ गळते, वजन वाढतं, पाय एका जागी ठरत नाहीत. ओपीडीचा वार ठरलेला, त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. रांगेत उभं राहून खिडकीशी पोचावं तर ठरलेली गोळी संपलेली असते आणि बाहेरून विकत घ्या असं सांगितलं जातं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात चालू आहे. त्याचे आकडे नोंदवहीत असतात, पण किती गोळ्या दिल्या हे मोजणारी वही, किती गोळ्या पोटात गेल्या ते सांगू शकत नाही. ते सांगणारा माणूस समोरच्या बाकावर बसलेला असतो.

वॉर्डाबद्दल तर हे आणखी खरं आहे. अंघोळीला आडोसा आहे का, रात्री दिवा का चालू ठेवतात, अंगावरचे स्वतःचे कपडे का काढून घेतात, घरी फोन करायला कोणाची परवानगी लागते, जेवण किती वाजता येतं आणि मग सकाळपर्यंत भुकेचं काय, या गोष्टींवर माणसाची लाज आणि उमेद दोन्ही अवलंबून असतात. तपासणीला येणारी समिती दिवसा येते. तिथे राहणाऱ्याने रात्र पाहिलेली असते.

यावर नेहमीचा आक्षेप एकच. ‘त्याला काय कळतंय?’ घरात, पोलीस चौकीत, कधी कधी दवाखान्यातही हा प्रश्न विचारला जातो. मग शुभार्थीने तक्रार केली की ती तक्रारच लक्षण ठरते. जेवणात काही मिसळतात असं कोणी म्हणालं तर तो संशय आजाराचा असू शकतो, हे मान्य. पण परिचर मारतो असं म्हणणाऱ्याचं बोलणंही त्याच खात्यात टाकलं जातं, आणि तिथे अन्याय सुरू होतो. कायदा याबाबत बराच पुढे गेलेला आहे. चौथ्या कलमानुसार, माहिती समजून घेऊ शकणारी, किंवा परिणामांचा अंदाज घेऊ शकणारी, किंवा आपलं म्हणणं सांगू शकणारी प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या उपचाराचा निर्णय घ्यायला सक्षम मानायची. आणि तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्याच कारणाने तिला अक्षम ठरवता येत नाही. आजार चढतो, उतरतो. तीव्र अवस्थेतले आठवडे सोडले तर मधली वर्षं माणूस विचार करत असतो, घर चालवत असतो, आणि आपल्यावर काय काय झालं ते त्याला स्पष्ट आठवत असतं. आगाऊ निर्देशाची तरतूद याच समजुतीवर उभी आहे. बरं असताना माणसाने लिहून ठेवायचं, की पुन्हा आजारी पडलो तर अमुक उपचार द्या, अमुक देऊ नका, माझ्या वतीने या व्यक्तीला विचारा. असा कागद लिहिता येतो हे महाराष्ट्रात किती शुभार्थींना कोणी समजावून सांगितलं आहे? केसपेपर काढताना त्याची माहिती द्यायला दोन मिनिटं पुरतील.

या विषयावर पुण्यात एक विचारवंत बाई आयुष्यभर ठामपणे बोलत राहिल्या. भार्गवी दावर. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत ठेवलं गेलं होतं, आणि त्या अनुभवाचे ओरखडे लहानपणापासून त्यांच्याबरोबर होते. १९९९ मध्ये आईच्या नावाने त्यांनी ‘बापू ट्रस्ट’ उभा केला. पुण्याच्या वस्त्यांमध्ये ‘सेहेर’ नावाचं काम सुरू केलं, ज्यात माणसाला उचलून रुग्णालयात नेण्याऐवजी त्याच्या गल्लीत, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधाराने त्याला सावरलं जातं. २०२४ मध्ये त्या गेल्या. २०१७ च्या कायद्याचं बहुतेकांनी स्वागत केलं, पण त्यांनी विरोध केला. भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आहे. मग मानसिक आजार असलेल्यांनाच वेगळा कायदा कशासाठी, आणि संमतीशिवाय भरती करण्याची वाट त्यात उघडी का, असं त्या विचारत. त्यांचं सगळं मला पटत नाही. जीवावर बेतलेल्या प्रसंगी, थोड्या दिवसांपुरती, देखरेखीखालची सक्तीची भरती टाळता येईल असं मला वाटत नाही. पण असं म्हणताना मी कोणाशी वाद घालतो आहे हे मला माहीत असतं, आणि माझ्या म्हणण्याला पुरावा द्यावा लागतो. दावरबाईंसारखी माणसं समोर बसलेली नसतील तर ‘थोडे दिवस’ कधी महिने होतात आणि महिने कधी वर्षं, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता शुभंकरांकडे वळू. त्यांचं म्हणणं वेगळं असतं, आणि ते वेगळं आहे हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. ‘शुभार्थी आणि शुभंकर’ असं एका दमात म्हणून आपण दोघांना एकच बाजू समजतो. पण रात्री दोन वाजता मुलगा घरातून निघून जातो, शेजारी पोलिसांना फोन करतात, तेव्हा आईला भरतीची प्रक्रिया सोपी हवी असते, आणि मुलाला ती अवघड हवी असते. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. नव्या कायद्याने घरच्यांवर अविश्वास दाखवला अशी पुष्कळ शुभंकरांची भावना आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून शुभार्थी नात्याबाहेरच्या माणसाचंही नाव देऊ शकतो, आणि वीस वर्षं सांभाळणारा भाऊ बाहेर उभा राहू शकतो. ही व्यथा मनाला लागते. तरीही तरतूद मला योग्य वाटते, कारण मालमत्तेसाठी किंवा नकोशी झाली म्हणून बायकोला, बहिणीला रुग्णालयात सोडून जाणारी घरंही याच महाराष्ट्रात आहेत.

शुभंकरांनी उभ्या केलेल्या सेवा पाहिल्या की त्यांना काय ठाऊक असतं हे कळतं. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजाराने त्यांना या विषयाकडे आणलं. पुण्यातल्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’मागे आणि २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामागे त्यांचं पाठबळ होतं. अशा संस्थांत दिवसाचं केंद्र असतं, जिथे शुभार्थी काही तास येतो, काम शिकतो, चार माणसांत बसतो. घरच्याला तेवढा वेळ श्वास घ्यायला मिळतो. तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर दिवसाचं केंद्र लिहिलेलं नसतं. दिवसाचे चोवीस तास एका खोलीत काढलेल्या घराला त्याची गरज कळते. आणि म्हाताऱ्या आईबापांच्या गटांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, ‘आमच्यानंतर काय?’ राज्याच्या कोणत्याही योजनेत या प्रश्नाचं धड उत्तर नाही, कारण योजना आखताना तो विचारणारे खोलीत नव्हते.

पण आईने कितीही कळकळीने मांडलं तरी ते आईचंच म्हणणं असतं. मुलीचं म्हणणं मुलीलाच विचारावं लागेल, आणि शक्य तेव्हा आईच्या गैरहजेरीत. बहुतेक ठिकाणी ‘नातेवाईकांना विचारलं’ म्हणजे झालं असं धरलं जातं.

आजार भोगलेला माणूस सेवा घडवू शकतो याचा पुरावा शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेही येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. नवा दाखल झालेला दारुडा थापा मारायला लागला की समोरच्याला त्या सगळ्या थापा पाठ असतात, कारण त्याने स्वतः मारलेल्या असतात. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. नवऱ्याच्या व्यसनात बायकोचं काय होतं याला वेगळी जागा मिळाली. महाराष्ट्राने हे कौतुकाने पाहिलं, त्यावर पुस्तकं वाचली, देणग्या दिल्या. मग स्किझोफ्रेनियातून सावरलेल्या माणसाने वॉर्डात पगारी कार्यकर्ता व्हावं म्हटलं की आपण बिचकतो का? दारुड्याला आपण सुधारलेला माणूस मानतो आणि ‘मेंटल’ला कायमचा मेंटल, याखेरीज मला दुसरं कारण दिसत नाही.

इटलीत फ्रांको बसालिया यांनी १९६१ नंतर गोरित्सियाच्या मनोरुग्णालयात रुग्ण, परिचर आणि डॉक्टर यांच्या एकत्र सभा सुरू केल्या. ज्यांना बांधून ठेवलं जायचं ती माणसं वॉर्डाचे नियम ठरवायला बसली. पुढे १९७८ मध्ये तिथल्या संसदेने जुनी मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा केला. आपल्याकडे मात्र ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे मनोरुग्णांच्या निवासगृहाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ जण गेले. त्यांच्यापैकी कोणालाही कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

गुजरातमध्ये २०१४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटीराइट्स’ उपक्रमाखाली सहा सरकारी मानसिक आरोग्यसेवांत काम झालं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. सेवेचा दर्जा तपासून सुधारणा ठरवताना कर्मचाऱ्यांबरोबर शुभार्थी आणि शुभंकरही होते. वर्षभरात सेवांचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन बदलला. शुभार्थींना स्वतःला जाणवलेला फरक लहान होता, आणि हे लपवू नये. एका वर्षात पिढ्यांची सवय जात नाही. पण सरकारी रुग्णालयात, सरकारी पगारावरच्या माणसांना घेऊन हे करता येतं एवढं त्यातून सिद्ध झालं.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरी झालेली पण घरी कोणी न नेणारी माणसं त्यांत वर्षानुवर्षं राहतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावं लागलं, की अशा माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं थांबवा. एवढा मोठा निर्णय, कुठे राहायचं याचा, आणि तो ज्यांच्याबद्दल होता त्यांचं मत घेण्याची रीतच नव्हती. असं असताना, असे निर्णय घेणाऱ्या बैठकीला एखाद्या शुभार्थीला बोलावून, इंग्रजी कागद पुढे ठेवून, शेवटच्या पाच मिनिटांत ‘तुम्हाला काही बोलायचंय का’ विचारणं पुरेसं नाही. कागद मराठीत आणि आठवडाभर आधी हवेत. बुडालेल्या दिवसाचं मानधन हवं, कारण खोलीतले बाकी सगळे पगारावर आलेले असतात. एकटा माणूस दबतो, म्हणून निदान दोघे हवेत. आणि त्यांच्या सूचनेचं काय केलं, नाकारली तर का, हे पुढच्या बैठकीत सांगितलं गेलं पाहिजे.

७४वं कलम बदलायला संसद लागेल, पण नेमणुका राज्यातच होतात. वाचक हो, तुमच्या घरात शुभार्थी असेल किंवा तुम्ही स्वतः असाल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. आपल्या जिल्ह्याच्या पुनर्विलोकन मंडळावर त्या दोन जागांवर कोण आहे, त्यांच्यापैकी कोणी आजार भोगला आहे का किंवा कोणाला सांभाळलं आहे का, आणि मंडळाच्या बैठका कधी झाल्या, एवढं विचारा. जागा रिकामी असेल तर स्वतःचं नाव द्या.