लक्ष वेधणे आणि लक्ष देणे



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद पडल्या आणि फळ्याची जागा मोबाईलने घेतली. त्या दिवसांत आम्हीही अभ्यासिकेतील दहावीच्या मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. रोज सकाळी दहाला एक प्रश्न टाकायचो. पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडायचा. वर्गात मान खाली घालून बसणारी मुलेही भराभर लिहू लागली. आम्ही मनातून सुखावलो.

एक मुलगी मात्र कधीच उत्तर देत नसे. 'हिला अभ्यासाची गोडी नाही,' असा शेरा मनात मारून आम्ही मोकळे झालो.

पुढे अभ्यासिका उघडली तेव्हा तिने एक वही आमच्यापुढे ठेवली. घरात फोन एकच, तो वडिलांच्या खिशात. वडील पहाटे भाजीच्या टेम्पोबरोबर जात ते दुपार टळल्यावर परतत. तोवर ग्रुपवर सगळी उत्तरे येऊन गेलेली असत. इतरांचे वाचून आपले बिघडू नये म्हणून ती वडिलांना फक्त प्रश्न वाचून दाखवायला सांगे आणि वहीत स्वतः उत्तर लिही. आता पाठवले तर कॉपी केली असे वाटेल, म्हणून तिने ती उत्तरे पाठवलीच नाहीत. वही वाचताना आम्हाला आमच्या शेऱ्याची लाज वाटली. सर्वांत जास्त विचार तिनेच केला होता.

मग आम्ही इतके दिवस मोजत होतो तरी काय?

आपल्या मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत : लक्ष वेधणे आणि लक्ष देणे. पहिले दुसरा कोणीतरी करतो, दुसरे आपण स्वतः करतो. फोनची टिंगटिंग, अंगठ्याची खूण, पहिला येण्याची चढाओढ, ही सारी लक्ष वेधण्याची साधने. ती मुलाला दारापर्यंत आणतात. आत पाऊल त्यानेच टाकायचे असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. शरीर आपल्याच शक्तीने बरे होते, वैद्य त्याला साहाय्य करतो. तसेच ज्ञान विद्यार्थ्याची बुद्धीच मिळवते, शिक्षक तिला हात देतो. मग औषधाच्या गोडीलाच आरोग्य समजून कसे चालेल?

याचा अर्थ साधने टाकून द्यावीत असा नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, त्यामुळे मुलांना कविता ऐकता आल्या, धडे पाहता आले. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिला. पण कोडबरोबरच त्यांनी आणखी एक काम केले होते : पुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली. मूल कुठे अडते हे त्यांना दिसले होते. आम्ही आधी ग्रुप केला, मुलगी नंतर दिसली.

म्हणून कोणतेही नवे साधन हाती घेताना दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. याने कोण बाहेर राहते? आणि पडदा बंद झाल्यावर मुलाच्या मनात काय उरते? अभ्यासिकेचा ग्रुप आजही आहे. मात्र प्रश्नाला दोन दिवसांची मुदत असते आणि उत्तर वहीतच लिहायचे असते.

पालकांनो, आज रात्री जेवताना 'किती मार्क पडले?' याऐवजी 'आज काय कळले?' असे विचारून पाहा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ आपलाही फोन बाजूला असू द्या. आपण लक्ष दिले, तरच मुले ते द्यायला शिकतील.