टिकणारे कायम का नाहीत?

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला घरभाडे भत्ता हवा असेल, तर तो मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. असे कितीतरी ठराव मंजूर होतात. गुरुजी तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलने येतात आणि शाळा सुटली की परत जातात, हे हात वर करणाऱ्या गावकऱ्यांना ठाऊक असते आणि कागद ठेवून घेणाऱ्या पंचायत समितीलाही. यात कोणा एकाला लबाड ठरवून भागणार नाही. कर्मचाऱ्याने गावात राहावे असा नियम आपण केला. त्याला राहावेसे का वाटेल, याचा विचार मागे पडला.

गावात न राहणाऱ्याचीही बाजू आहे. बायकोची नोकरी जिल्ह्याच्या ठिकाणी, मुले सातवी-आठवीत, आईवडील दुसऱ्याच जिल्ह्यात. उपकेंद्राच्या गळक्या क्वार्टरमध्ये रात्री एकट्या राहणाऱ्या सिस्टरच्या दारावर थाप पडली, तर ती बाळंतपणाची आहे की दारुड्याची, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही. मराठवाड्यातून नंदुरबारला किंवा कोकणात नेमला गेलेला तरुण पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट पाहू लागतो, यात नवल नाही. पण त्याची किंमत पाड्यावरचे मूल मोजते. पहिलीत आलेले ते मूल घरी पावरी, कोरकू किंवा माडिया बोलते. ती भाषा गुरुजींच्या कानावर बसेपर्यंत बदलीचा आदेश येतो आणि नव्या गुरुजींबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

डॉक्टरांसाठी आपण बंधपत्र काढले. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा, नाहीतर दहा लाखांचा दंड. जे येतात त्यांतल्या अनेकांच्या टेबलावर पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची पुस्तके असतात, आणि त्यांच्या वयाला ते साजेसेच आहे. या वर्षभरात रिकामी खुर्ची भरते. पण सिकलसेलचे मूल किंवा क्षयाची औषधे मध्येच सोडणारा मजूर यांना वर्षानुवर्षे ओळखणारे माणूस लागते. 2002 च्या शासन निर्णयाने आदिवासी भागातल्या कर्मचाऱ्यांना एक स्तर वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता दिला. तो हवाच. मात्र जास्तीच्या पैशाने जोडीदाराची नोकरी जवळ येत नाही आणि मुलांची शाळाही.

मग टिकते कोण? याचे उत्तर महाराष्ट्रानेच देशाला दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्यांतल्या अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवले. 39 गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी. शाळांच्या बाबतीत 2000 नंतरच्या वस्तीशाळा आठवाव्यात. जिथे सरकारी शिक्षक पोचत नव्हता, तिथे वस्तीवरच्याच शिकलेल्या तरुण-तरुणींनी वर्ग भरवले.

बाहेरच्या जगाचा अनुभवही हाच आहे. जपानने 1972 मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले. प्रत्येक प्रांतातून मोजकी मुले निवडायची, त्यांच्या शिक्षणाचा भार उचलायचा आणि त्यांनी आपल्याच प्रांतात नऊ वर्षे सेवा द्यायची, अशी ती रचना. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये दुर्गम भागासाठी शिफारशी केल्या, त्यांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य देण्याचा मुद्दा ठळक होता.

इतके माहीत असून आपण केले काय? जे टिकतात, त्यांना तात्पुरते ठेवले. वस्तीशाळेच्या शिक्षकाला महिना एक हजार रुपये मिळत; सेवेत कायम व्हायला 2014 उजाडले. 2005 नंतर आलेली आशा ताई त्याच गावची सून असावी, असा निकष शहाणपणाचा होता. मुलगी लग्न होऊन जाते, सून राहते. पण ती 'स्वयंसेविका' ठरली. नवजात बाळासाठी 42 दिवसांतल्या सगळ्या ठरलेल्या गृहभेटी पूर्ण केल्या की 250 रुपये, असा दर 2011 मध्ये लागू झाला. पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकातल्या बीएएमएस डॉक्टरांनी वर्षानुवर्षे मानधनावर काम केले. राज्यपालांच्या 2014 च्या अधिसूचनेने पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, आरोग्यसेविका अशी 17 संवर्गांतली पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. ती भरती न्यायालयीन वादात अडकली आणि निवड झालेल्यांना 2024 मध्ये, आंदोलनानंतर, मानधनावरच्या नेमणुका मिळाल्या. ज्यांचे घर तिथेच आहे ते मानधनावर आणि ज्यांचे मन बदलीच्या यादीत आहे ते वेतनश्रेणीत, अशी ही उलटी मांडणी आहे. स्थानिक माणसे गाव सोडून जाणार नाहीत, हे गृहीत धरून आपण त्यांना कमी पैशात राबवून घेतले.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला गुणवत्तेचा. पण जामखेडच्या बायका निवडीमुळे कुशल झाल्या नाहीत; त्यांचे प्रशिक्षण कधी थांबले नाही म्हणून झाल्या. प्रशिक्षण आणि देखरेख न देता स्थानिक माणूस नेमणे ही गावाची फसवणूकच आहे. दुसरा आक्षेप वशिल्याचा: 'स्थानिक' म्हणजे सरपंचाचा भाचा. म्हणून निकष लेखी हवेत आणि निवड उघड ग्रामसभेत हवी. शंभर टक्के आरक्षणाचा प्रश्नही आहे. आंध्रातल्या अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदांबाबतचे असे आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रद्द केले. त्या निकालाने स्थानिकांना घडवण्याची जबाबदारी संपलेली नाही; उलट ती आधीच्या टप्प्यावर, शिक्षणाकडे, सरकली आहे.

काम तिथूनच सुरू करावे लागेल. आश्रमशाळेत विज्ञानाचा शिक्षक नसेल, तर त्या भागातून डॉक्टर येणार कुठून? दुर्गम तालुक्यातल्या मुलामुलींना नर्सिंग, डी.एड. आणि वैद्यकीय शिक्षणापर्यंत नेणारी वाट शासनाने स्वतःच्या खर्चाने बांधावी. आशा ताईला एएनएम आणि पुढे जीएनएम होता यावे, यासाठी राखीव जागा आणि शिकतानाचे वेतन द्यावे. बाहेरून येणाऱ्याला नेमणुकीआधी तिथली भाषा शिकवावी, पक्के घर द्यावे आणि परतीची तारीख आधीच लेखी सांगावी. तारीख माहीत असली, तर तो तोवर मन लावून काम करील. आणि त्याच गावात राहून काम करणाऱ्याला त्या कामाचे पूर्ण वेतन, रजा आणि निवृत्तिवेतन मिळावे.

हेमलकशाचे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यापुढे महाराष्ट्र नतमस्तक होतो आणि ते योग्यच आहे. पण दर पाड्यासाठी एक आमटे दांपत्य कुठून आणणार? शासनाचे धोरण साध्या माणसासाठी असते. ज्याला संसार आहे, मुलांच्या शिक्षणाची काळजी आहे आणि पगाराची गरज आहे, अशा माणसाला गावात राहून चांगले काम करता यावे, एवढीच त्या धोरणाची परीक्षा. गावात टिकलेल्या बाईला ज्या दिवशी आपण कायम करू, त्या दिवसापासून राहण्याचे ठराव मागावे लागणार नाहीत.