रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

प्रश्न : मला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असल्याचे बायोप्सीत निघाले आहे. डॉक्टर म्हणतात, सुरुवातीची अवस्था वाटते, पण एमआरआय आणि पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. दिवस कसाबसा जातो, रात्र जात नाही. ध्यानाला बसले की रडू येते. माझ्या हातून असे काय पाप घडले? मी काय करू?

ताई, रडू येत असेल तर येऊ द्या. ध्यानात अश्रू आले म्हणजे साधना कमी पडली, असे मुळीच नाही. गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुनासारखा वीर, पण त्याच्या अंगाला कंप सुटला, तोंडाला कोरड पडली, हातात धनुष्य धरवेना. आणि त्या अध्यायाचे नाव काय? अर्जुनविषादयोग. विषादालाही योग म्हटले आहे! कोसळलेले मनही भगवंतापाशी पोहोचू शकते, असा त्याचा अर्थ आहे. श्रीकृष्णाने ‘काळजी करू नकोस, युद्ध होणारच नाही’ अशी खोटी समजूत घातली नाही. त्याने अर्जुनाला स्वच्छ पाहायला शिकवले. तुम्हालाही आज तेच हवे आहे.

हे पापाचे फळ नाही

हा प्रश्न मनातून आधी काढून टाका. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला होता, १८८६ साली त्यांनी देह ठेवला. रमण महर्षींच्या हातावर कर्करोगाची गाठ आली, १९५० साली ते गेले. त्यांच्या हातून कोणते पाप घडले होते? देह पंचमहाभूतांचा आहे, त्याला देहाचे नियम लागू होतात. या दोघांनीही डॉक्टरांना दूर लोटले नाही. रमण महर्षींवर तर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांच्या काळी उपचारांचे हात तोकडे होते; आज तशी परिस्थिती नाही.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा परिणाम दीर्घकाळ, दुसऱ्या संप्रेरकाच्या तोलाशिवाय होत राहिला, की तिथल्या पेशी बेसुमार वाढू शकतात. वाढते वय, वजन, मधुमेह, काही घराण्यांत आनुवंशिकता, ही त्यामागची कारणे. यात कुठेही तुमच्या चारित्र्याचा हिशेब नाही. कर्मसिद्धान्त स्वतःला शिक्षा देण्यासाठी नाही. आज, या घडीला, माझ्या हातात कोणते कर्म आहे, हे विचारण्यासाठी तो आहे.

दोरी, साप आणि दिवा

आपल्याकडे वेदान्तात एक जुना दृष्टान्त आहे. अंधुक उजेडात माणसाला दोरी दिसते आणि तो साप समजून दचकतो. तुमची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे काही नाहीच, असे मी म्हणणार नाही. आजार आहे. पण तो केवढा आहे, हे अजून नीट दिसलेले नाही आणि अंधारात मन त्याचा आकार रोज रात्री वाढवत नेते. एका रात्रीत मन शस्त्रक्रिया, केमोथेरपी, मुलांचे पोरकेपण, सगळे पाहून येते. सकाळी तुम्ही थकलेल्या असता, प्रत्यक्षात मात्र काहीही बदललेले नसते.

अशा वेळी काय लागते? दिवा. पुढच्या तपासण्या म्हणजे तो दिवा आहे. त्यांची भीती वाटते, कारण त्या निकाल देणार आहेत असे वाटते. पण एमआरआय आजार निर्माण करत नाही; आहे ते दाखवतो, म्हणजे उपचार नेमका ठरतो.

एक वही घ्या. डाव्या बाजूला लिहा : मला काय कळले आहे. या आजारात बहुधा अंगावरून रक्त जाते. पाळी कायमची थांबल्यावर असे झाले, की बाई डॉक्टरकडे जाते आणि म्हणूनच तो बऱ्याचदा लवकर सापडतो. तो गर्भाशयापुरताच असेल, तर शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार असतो आणि बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. उजव्या बाजूला लिहा : काय कळायचे आहे. तो गर्भाशयाच्या स्नायूंत किती खोल गेला आहे, बाहेर पसरला आहे का, पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत. एक गोष्ट आधीच समजून घ्या. पूर्ण चित्र बहुधा शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासल्यावरच स्पष्ट होते. म्हणजे वाट पाहणे दोन हप्त्यांत येईल. हे आधी माहीत असले, की दुसऱ्या वेळी फसवल्यासारखे वाटणार नाही.

रात्री मन धावू लागले, की त्याला विचारा : हे डाव्या बाजूचे आहे की उजव्या? उजव्या बाजूचे असेल, तर सांगा, याचे उत्तर आज रात्री मिळणार नाही. कोणी नात्यातल्या बाईची भयंकर गोष्ट सांगितली, तर ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची असू शकते. तो वेगळा आजार आहे. दुसऱ्याचा रिपोर्ट स्वतःच्या फाइलीत लावू नका.

या दिवसांतली साधना

लांब ध्यान जमत नसेल तर बसू नका. अंथरुणावर पडून एक हात ओटीपोटावर ठेवा. श्वास सहज आत येऊ द्या, सोडताना थोडा जास्त वेळ लागू द्या. दहा-पंधरा श्वास पुरेत. ज्या अवयवाची आज भीती किंवा चीड वाटते, त्याच्यावर मायेने हात ठेवा. त्याने दरमहा न बोलता आपले काम केले आहे. पुढे तो काढावा लागला, तर तुमचे स्त्रीत्व त्याच्याबरोबर जात नाही. मातृत्व मुळात प्रेमात आहे. पिशवीत ते काही काळ राहायला आले होते, इतकेच. मात्र एखादीला मूल हवे असेल, तर तिने शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. अगदी सुरुवातीच्या काही निवडक रुग्णांत गोळ्यांनी उपचार करून थोडा अवधी मिळू शकतो.

नवस बोलायचा तर बोला, पण उपास धरू नका. शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या शरीराला अन्न हवे. साखर, रक्तदाब आटोक्यात ठेवणे ही या दिवसांतली पूजाच समजा. काढे, जडीबुटी यांच्या भरवशावर तारीख पुढे ढकलू नका आणि काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. प्राणायाम, नामस्मरण उपचाराच्या सोबतीला आहेत, त्याच्या जागी नाहीत.

सगळ्यांना सांगण्याची गरज नाही, पण कोणालाच न सांगणे हेही ओझे आहे. दोन माणसे निवडा : एक दवाखान्यात बरोबर येईल आणि डॉक्टर सांगतील ते लिहून घेईल, दुसरे नुसते ऐकून घेईल.

घरच्यांसाठी दोन शब्द

‘तुला काही होणार नाही’ असे घाईने म्हणू नका. त्याने तिचे बोलणे तिथेच थांबते. ‘मी बरोबर येतो’ म्हणा. तिच्या डब्याची, औषधांची आठवण ठेवा. ती गप्प असेल तर शेजारी बसा. तिचे अश्रू बघवत नाहीत, ही तुमची अडचण आहे; त्यासाठी तिला हसायला लावू नका.

श्रद्धा म्हणजे रिपोर्ट चांगलाच येईल अशी देवाकडून घेतलेली हमी नव्हे. रिपोर्ट कसाही आला, तरी त्या क्षणी मी एकटी नसेन आणि पुढचे पाऊल मला दिसेल, एवढा विश्वास म्हणजे श्रद्धा. तिन्हीसांजेला देवापुढे आपण दिवा लावतो, त्याचा उजेड हातभरच असतो. तेवढ्यात आपण उदबत्ती लावतो, हात जोडतो, पोरांना जेवायला वाढतो. आज तेवढेच पुरे. उद्याच्या तपासणीची कागदपत्रे पिशवीत भरून ठेवा, दोन घास खा आणि निजा. रात्र ईश्वराच्या हवाली करा.