ती सिस्टर

गेल्या महिन्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर डोक्याच्या इजेचा तास घेत होते. दरवर्षी सांगते तीच गोष्ट सांगितली. एक सिस्टर होती, नाइटला होती, तिने पेशंटला न उठवता जीसीएस, म्हणजे शुद्धीचा आकडा, लिहिला, पहाटे पेशंट बिघडला. मुली गप्प झाल्या. दरवर्षी होतात. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या सिस्टरचं पुढे काय झालं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "तिने नोकरी सोडली." आणि फळा पुसायला वळले.

तिने नोकरी सोडली नाही. ती ट्यूटर झाली, नाशिकला पंचवटीतच राहते, आणि त्या तासाला फळ्याकडे तोंड करून उभी होती.

1999 चा श्रावण. बावीस वर्षांचा मुलगा मोटरसायकलवरून आडगाव नाक्याजवळ पडला होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तेव्हा कुणाच्याच नसे. (2021 च्या स्वातंत्र्यदिनापासून नाशिकच्या पोलिसांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम काढली, तेव्हा पंपावर एकच हेल्मेट पाच जणांत फिरताना मी पाहिलं आहे.) मार कानाच्या वर, उजव्या बाजूला. रस्त्यावर थोडा वेळ शुद्ध हरपली, मग आली. वॉर्डात आला तेव्हा बोलत होता, आईला म्हणत होता, गाडीचं काय झालं बघ. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: तासातासाला जीसीएस आणि प्युपिल, म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या. खाली जाड रेघ ओढली होती. ती रेघ मला अजून दिसते.

अकराला मी नीट बघितलं. बारालाही. डोळे आपणहून उघडे, चार. बोलणं बरोबर, पाच. सांगितलेलं ऐकतो, सहा. पंधरापैकी पंधरा. एक वाजता गेले तर तो झोपला होता. आई उशाशी बसली होती. हळूच म्हणाली, "सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय हो त्याचा. घोरतोय बघा. दमलंय पोर."

मी न उठवता नाडी तेवढी घेतली, मागे फिरले आणि टेबलावर येऊन लिहिलं: चार, पाच, सहा. दोन वाजता तेच. तीन वाजता तेच.

ज्याचे डोळे मिटलेले होते त्याच्या नावापुढे 'डोळे आपणहून उघडे' असं मी तीन वेळा लिहिलं. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ही चूक दिसेल. मला त्या रात्री दिसली नाही, कारण मी त्या आकड्याकडे बघतच नव्हते. वरची ओळ खाली उतरवत होते.

आता सबबी. चौतीस पेशंट, मी एकटी आणि एक मावशी. हे खरं आहे. सलग चौथी नाइट होती, हेही खरं. मी या दोन गोष्टी स्वतःला बरीच वर्षं सांगितल्या. पण तीन वाजता मी मावशीबरोबर ड्यूटी रूममध्ये स्टोव्हवर चहा करून प्यायले होते. एका पेशंटचा जीसीएस घ्यायला दोन मिनिटं लागतात. चहाला वीस लागली होती.

आणि आईची दया? तीही मी ढालीसारखी वापरली. पोराला उठवू नका हे तिने म्हणायचं होतंच. ती आई होती. उठवायचं हे माझं काम होतं. झोप आणि बेशुद्धी बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून तर हाक मारायची, खांदा हलवायचा, तरीही नाही तर नखावर पेन दाबायचं. आणि डोक्याला मार लागलेला माणूस घोरू लागला तर ती गाढ झोपेची खूण समजायची नाही. जीभ मागे पडून श्वासाची वाट अडू लागली असेल, हे आधी बघायचं. त्या माउलीला ते घोरणं सुखाचं वाटलं. मला वाटायला नको होतं.

चारला गेले तेव्हा घोरणंही नव्हतं. श्वास तुटक. उजवी बाहुली मोठी, टॉर्च मारला तरी हलली नाही. नाडी बावन्न, बीपी एकशे सत्तर. कवटीच्या आत दाब चढला की बीपी वर जातं, नाडी संथ होते, श्वास बिघडतो. कुशिंगच्या नावाचं हे त्रिकूट मी परीक्षेत घडाघडा लिहिलं होतं. एक वाजता मी नाडी घेतली होती, साठ होती, आणि चांगली संथ आहे असं मनात म्हणाले होते. बाराला ती ब्याऐंशी होती. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात, एकाखाली एक.

पळापळ झाली. दाब उतरवायला मॅनिटॉल लावलं. त्याला दुसऱ्या मोठ्या ठिकाणी हलवलं. तिकडे कवटी उघडली, रक्ताची गाठ काढली, तो जगला, एवढं दोन दिवसांनी कळलं. पुढचं मी विचारलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते पहाटे साडेचारचं. डॉक्टरांनी केसपेपर पाहिला, तीनपर्यंत पंधरा, आणि आईला म्हणाले, "अचानक बिघडला हो." त्यांनी जे लिहिलेलं होतं ते वाचून सांगितलं. तो 'अचानक' त्यांचा नव्हता, माझा होता. त्या पोराचा दाब तीन तास सावकाश चढत होता. मी ती चढण कागदावरून पुसून टाकली होती, आणि त्या पुसण्यानेच मला वाचवलं. कुणी मला एक शब्द विचारला नाही. सकाळी ड्यूटीची ओव्हर देताना मीही 'अचानक'च म्हणाले.

ज्यांना आमची गंगा, म्हणजे गोदावरी, माहीत आहे त्यांना हे मी नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून समजावते. पुराच्या दिवसांत पंचवटीत कुणी क्युसेकमध्ये बोलत नाही. मारुतीच्या गुडघ्याला पाणी आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं, असं बोलतात. कमरेला पाणी आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. तासाभरापूर्वी कुठे होतं, हे कळलं की दुकानदार माल उचलायचा की नाही ते ठरवतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये जे मोजमाप दिलं, तोच जीसीएस, तेही असंच आहे. जास्तीत जास्त पंधरा, कमीत कमी तीन. (शून्य नाही, मेलेल्यालाही तीन मिळतात, हे मुली हसत लिहून घेतात.) आठ किंवा त्याखाली गेला तर श्वासनलिकेत नळी घालायची तयारी. पण खरी किंमत एका आकड्याला नाही, आकडा कुठून कुठे चालला आहे याला.

आणि कवटी म्हणजे न फुगणारा डबा. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. चौथं काही शिरलं, म्हणजे हाडाखाली रक्त साचू लागलं, तर आधी पाणी मणक्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर ढकललं जातं, आणि तेवढा वेळ माणूस बरा दिसतो, गाडीची चौकशी करतो. ती सवड संपली की दाब झपाट्याने चढतो. मेंदूचा भाग खाली दाबला जातो, तिसऱ्या नसेवर भार येतो आणि त्या बाजूची बाहुली मोठी होते. म्हणजे बाहुली फिरते तेव्हा पाणी मारुतीच्या गळ्याशी आलेलं असतं. पहिली खूण त्याच्या कितीतरी आधीची: तो जरा जास्तच झोपाळू होतो.

मी घाटावर न जाता 'पाणी गुडघ्याला' असं तीन वेळा लिहिलं.

वर्गात मी हे चांगलं शिकवते, असं मुली म्हणतात. एकदा एका आजींना विद्यार्थिनीने बोलण्याचे चार दिले. महिना कोणता विचारल्यावर आजींनी ऑगस्ट न म्हणता 'आषाढ सरत आला' असं सांगितलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. मी त्या मुलीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तिने निदान प्रश्न तरी विचारला होता.

याच तासाला मी अरुणा शानबागबद्दलही सांगते. 27 नोव्हेंबर 1973, मुंबईचं केईएम. हल्ल्यात कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि आपल्यातलीच एक नर्स 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षं, त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. केईएमच्या नर्सेसनी पिढ्यान्‌पिढ्या तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. 2011 मध्ये दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला तेव्हा निकालात या नर्सेसचं कौतुक झालं. ती उत्तर देणार नाही हे ठाऊक असूनही त्या तिच्याजवळ जात राहिल्या. आणि माझा पेशंट हाक मारली असती तर कदाचित ओ देणार होता.

परवा वही चाळताना लक्षात आलं. केईएमचं सांगताना माझ्या तोंडी 'आम्ही नर्सेस' असतं. आम्ही सांभाळलं, आम्ही सोडलं नाही. मी केईएमची पायरीही चढलेली नाही. आणि ज्या वॉर्डात मी स्वतः उभी होते तिथे मात्र 'एक सिस्टर'. दुसऱ्यांच्या कष्टात 'आम्ही' आणि स्वतःच्या चुकीत 'ती', ही सोय मी कधी करून घेतली ते मला आठवतही नाही. गोष्ट सांगितल्याचं पुण्य मात्र दरवर्षी घेत आले.

तो मुलगा इथलाच. आई श्रावणी सोमवारी कपालेश्वराच्या पायऱ्यांशी बेल विकायची, तिनेच त्या रात्री सांगितलं होतं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. पंचवटीत कुणाचं काय झालं हे कळायला शोध घ्यावा लागत नाही; उलट, न कळू देण्यासाठी कष्ट घ्यावे लागतात. ते मी घेतले. कपालेश्वराला मी जात नाही. रामकुंडावर कुणाच्या दहाव्याला जावं लागलं तर पलीकडच्या बाजूने उतरते. घरचे विचारतात तेव्हा म्हणते, गुडघे दुखतात, पायऱ्या झेपत नाहीत. गुडघे खरंच दुखतात, पण अलीकडे. पायऱ्या टाळते आहे त्याला पंचवीस वर्षं झाली.

तो चालतो का, बोलतो का, डावा हात उचलतो का, रागीट झाला का, लग्न झालं का, आईला ओळखतो का. डोक्याच्या इजेनंतर काय काय उरू शकतं याची यादी मी फळ्यावर लिहिते. त्यातलं त्याच्या वाट्याला काय आलं हे मी कधी पाहिलं नाही. तीन वाजता नाही पाहिलं, तसंच आजवर.

उद्या दहा वाजता त्याच वर्गावर तास आहे. विषय मणक्याची इजा. ती मुलगी तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसते.